गॅसचा वास आला, तर आधी हात थांबवा

उन्हाळ्याचे दिवस होते. पहाटे साडेपाचला दवाखान्याचे दार वाजले. कड्यासारख्या गावात अशा अवेळी दार वाजले की बहुधा विंचू चावलेला असतो, नाहीतर कोणाच्या तरी छातीत दुखत असते. त्या दिवशी दारात जीप उभी होती आणि मागच्या बाकावर तिशीतली एक बाई ओली चादर पांघरून बसली होती. भुवया आणि पापण्या जळून गेलेल्या, चेहरा लालबुंद, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले. ती शुद्धीवर होती, बोलतही होती. पण आवाज घोगरा येत होता. भाजलेल्या कातडीपेक्षा त्या घोगऱ्या आवाजाने मी जास्त घाबरलो. त्याचे कारण पुढे सांगणारच आहे.

काय झाले ते सासूने सांगितले. उकाड्यामुळे घरातली सगळी माणसे अंगणात झोपली होती. मांजर दुधाला तोंड लावते म्हणून स्वयंपाकघराचे दार आणि खिडकी रात्री घट्ट लावलेली. पहाटे सून उठली, स्वयंपाकघर उघडून आत गेली, देवापुढे दिवा लावायला तिने काडी ओढली आणि खोलीभर भडका उडाला. टाकी फुटली नाही, भिंत पडली नाही. क्षणभराचा जाळ, पण तेवढ्यात तोंड आणि हात भाजून निघाले. पोरे अंगणात होती म्हणून वाचली.

"वास आला नव्हता का?" मी विचारले.

"आला व्हता की डाक्टर," सासूबाई म्हणाल्या, "पर त्यो तर रोजच येतो."

त्यांच्या या एका वाक्यामुळे आजचा लेख लिहीत आहे. गॅसचा वास रोजचा होता कामा नये. ज्या घरात तो रोजचा झाला, त्या घरात भडका कधी उडणार एवढाच प्रश्न उरतो.

चुलीकडे परत जायचे नाही

ही हकीकत वाचून कोणी म्हणेल, आपली चूलच बरी. तसे मुळीच नाही. ज्या बायांनी वीस-तीस वर्षे चूल फुंकली, त्यांचा खोकला आणि दम मी रोज तपासतो. बिडीला कधी हात न लावलेल्या बाईची छाती पक्क्या बिडीबाजासारखी वाजते, ती धुरामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्याआधीचा रॉकेलचा स्टोव्हही काही सुखाचा नव्हता. 'स्टोव्हचा भडका उडाला' हे शब्द एके काळी प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने ऐकलेले आहेत, आणि ते सगळेच अपघात नव्हते, हेही आपल्याला माहीत आहे.

गॅस हा त्या दोन्हींपेक्षा स्वच्छ आणि नीट वापरला तर सुरक्षित आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि वाड्यावस्त्यांवर, पत्र्याच्या खोल्यांत आणि माळवदाच्या घरांत टाक्या पोहोचल्या. टाकी आली, शेगडी आली. पण ती कशी हाताळायची हे घरातल्या प्रत्येकाला कोणी बसून समजावले नाही. चुलीचे विस्तव-राख सांभाळणे आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेले आहे. गॅसचे शहाणपण मात्र आपल्याला नव्याने शिकायचे आहे.

टाकीत असते तरी काय?

घरगुती मोठ्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे ते मिश्रण. दाबाखाली त्याचे पाणी केलेले असते, म्हणून टाकी हलवली की आत डुचमळते. हे पाणी बाहेर पडले की लगेच वायू होते आणि सुमारे अडीचशे पट जागा व्यापते. म्हणजे वाटीभर द्रवाचा अडीचशे वाट्या गॅस.

मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळतात. तेव्हा हा वास गॅसचा नव्हे, धोक्याच्या घंटेचा आहे. दुसरे असे, की आपले नाक फसवते. उग्र वासात थोडा वेळ बसलो की नाकाला त्याची सवय होते आणि वास कमी झाला असे वाटू लागते. गॅस मात्र तेवढाच असतो. सर्दी झालेली माणसे, म्हातारी माणसे आणि कोरोनानंतर ज्यांचा वास गेला अशी माणसे, यांना गळती उशिरा कळते. म्हणून वासाबद्दल शंका आली तर बाहेरून आलेल्या माणसाला विचारावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. धूर वर जातो, गॅस खाली बसतो. सांडलेल्या पाण्यासारखा तो फरशीवर पसरतो, मोरीत उतरतो, ओट्याखालच्या कप्प्यात, कोपऱ्यात साठून राहतो. शंभर भाग हवेत साधारण दोन ते नऊ भाग गॅस मिसळला की ती हवा पेट घेण्याजोगी होते. मग एक ठिणगी पुरते. वर सांगितलेल्या घरात देवघर जमिनीलगतच्या कोनाड्यात होते. काडी जिथे ओढली, नेमका तिथेच गॅस साठलेला होता.

बहुतेक लोकांना भीती असते टाकी फुटण्याची. टाकी जाड पोलादाची असते आणि ती आपणहून सहसा फुटत नाही. बाहेरून आग लागून खूप तापली तरच तो धोका येतो. घरातले बहुतेक अपघात होतात ते गळून साठलेल्या गॅसचे. म्हणून सगळी काळजी तीन गोष्टींत मावते. गॅस गळू द्यायचा नाही, गळला तर साठू द्यायचा नाही, आणि साठला असेल तर त्याला ठिणगी मिळू द्यायची नाही.

मांडणी कशी असावी?

टाकी नेहमी उभी, सपाट जमिनीवर ठेवावी. शेगडी टाकीपेक्षा उंच, दगडी ओट्यावर असावी. अनेक घरांत शेगडी जमिनीवर आणि शेजारीच टाकी असते, कारण बसून स्वयंपाकाची सवय. ही मांडणी धोक्याची आहे. गळालेला गॅस खाली येतो आणि जाळही खालीच असतो. पक्का ओटा बांधणे लगेच जमत नसेल तर शहाबादी फरशीचे दोन उभे तुकडे आणि वर एक आडवा टाकून घ्यावा. लाकडी टेबलावर ठेवणे भाग असेल तर वर पत्रा अंथरावा, कापड किंवा प्लॅस्टिक नको.

ओट्याखाली टाकीसाठी कप्पा करून त्याला दार लावण्याची हौस आता खेड्यातही आली आहे. दिसायला छान, पण गळालेला गॅस त्या कप्प्यात कोंडून राहतो. टाकी बंद कप्प्यात, खड्ड्यात किंवा मोरीच्या तोंडाशी ठेवू नये. खोलीला खिडकी हवीच, शिवाय जमिनीलगत भिंतीला जाळीचा एक झरोका ठेवावा, म्हणजे खाली बसलेला गॅस बाहेर जाईल. मांजर आणि उंदीर जाळीने अडतात, त्यासाठी खोली हवाबंद करण्याची गरज नाही.

शेगडी खिडकीच्या अगदी समोर नको. वाऱ्याने जाळ विझतो आणि गॅस वाहत राहतो. वर फळी, बाजूला पडदा, कॅलेंडर, रिकाम्या पिशव्या असे काही नको. देवघर स्वयंपाकघरात असेल तर ते टाकीपासून दूर आणि उंचावर असावे.

आपल्याकडे भाकरी चुलीवरची आणि चहा-भाजी गॅसवर अशी वाटणी पुष्कळ घरांत आहे. चूल ठेवायची तर ती अंगणात किंवा दुसऱ्या खोलीत ठेवा. एका खोलीत टाकी आणि उघडा विस्तव, हे बरोबर नाही. भरलेली दुसरी टाकी असेल तर तिची टोपी घट्ट बसवून ती सावलीत, हवेशीर जागी उभी ठेवावी.

आता नळीविषयी. तेल कंपन्या केशरी रंगाची, आतून पोलादी तारेची वीण असलेली 'सुरक्षा' नळी देतात. तिच्यावर आयएसआयचा शिक्का आणि वर्ष छापलेले असते. तिचे आयुष्य पाच वर्षे धरतात. पाच वर्षे झाली की नळी चांगली दिसत असली तरी बदलावी. बाजारात मिळणारी साधी रबरी नळी स्वस्त पडते. पण ती तडकते, आणि उंदीर तिला सहज कुरतडतो. नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी, तिला जोड नसावा, ती भिंतीतून पलीकडे नेलेली नसावी आणि शेगडीच्या खालून गेलेली नसावी. तिच्यावर शोभेचे कापडी आवरण घालू नये. नळी दिसती असली की चीर दिसते.

टाकी दारात आली की

गावात गाडी चौकात थांबते आणि घरचा माणूस मोटारसायकलवर टाकी आणतो. घाईत कोणी काही पाहत नाही. तीन गोष्टी मात्र तिथेच पाहाव्यात.

पहिली, टोपी आणि सील शाबूत आहे का. दुसरी, वजन. टाकीच्या वरच्या कड्याला जोडलेल्या पट्टीवर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते. त्यात १४.२ मिळवले की भरलेल्या टाकीचे वजन निघते. वजन करून दाखवा म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. तिसरी, तपासणीची मुदत. त्याच पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर आणि डी म्हणजे डिसेंबरअखेर. उदाहरणार्थ, 'बी २९' असे असेल तर त्या टाकीची पुढची चाचणी जून २०२९ पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटून गेलेली टाकी घेऊ नये, बदलून मागावी.

टोपी काढल्यावर वॉल्व्हच्या तोंडात डोकावून पाहा. आत एक काळी रबरी रिंग असते. ती नसेल किंवा तुटलेली असेल, तर रेग्युलेटर कितीही दाबून बसवा, गॅस गळणारच. बऱ्याच 'नव्या टाकीला वास येतोच' या तक्रारींचे मूळ या छोट्या रिंगेत असते. टाकी आणून देणारा असेल तर त्याच्याकडूनच तपासून घ्यावी. टोपी दोरीसकट टाकीलाच बांधलेली राहू द्यावी, फेकून देऊ नये.

टाकी बदलताना आसपास दिवा, उदबत्ती, चूल काहीही पेटते नको. शेगडीची बटणे आणि रेग्युलेटर बंद ठेवून मगच बसवावे. नीट बसले की 'टक्' असा आवाज येतो. नंतर हलकेच ओढून पाहावे. मग साबणाचे पाणी करून ते जोडांवर आणि नळीभर बोटाने लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांपैकी एकाच्या मिशा परत यायला दोन महिने लागले.

रोजची शिस्त

काडी आधी पेटवावी आणि बटण मग फिरवावे. लायटर असेल तर तो बर्नरजवळ धरून, बटण फिरवताच दाबावा. दोन-तीन वेळा करून पेटला नाही तर बटण बंद करून थोडा वेळ थांबावे, खोलीत वारा खेळू द्यावा, मग पुन्हा प्रयत्न करावा.

दूध गॅसवर ठेवून गोठ्यात जाऊ नये. दूध उतू जाते, जाळ विझतो, बटण मात्र उघडेच राहते. दुधाचा जोडधंदा असलेल्या घरात ही गोष्ट रोज घडू शकते. पदर खोचून घ्यावा, नायलॉनऐवजी सुती कपडा वापरावा, पातेले पदराने न उचलता सांडशीने उचलावे. पातेल्यांचे दांडे आत वळवून ठेवावेत, म्हणजे लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत.

जाळ निळा असावा. पिवळा दिसू लागला आणि भांड्यांचे बूड काळे होऊ लागले, तर गॅस पुरता जळत नाही असे समजावे. बर्नर साफ करून घ्यावा. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला वासही नसतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. थंडीत खोली बंद करून ऊब यावी म्हणून गॅस किंवा कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर बसवू नये, तोही याच कारणाने.

आणि सर्वांत मोठी शिस्त रात्रीची. झोपण्याआधी रेग्युलेटर बंद करावे. शेगडीचे बटण बंद केले म्हणजे गॅस बंद झाला, असा पुष्कळांचा समज असतो. बटण बंद असले तरी नळीत गॅस भरलेलाच असतो. उंदराने नळी कुरतडली तर बटणाचा काही उपयोग नाही. त्या बाईच्या घरी नेमके हेच झाले होते. शेगडी बंद, रेग्युलेटर चालू, आणि नळीला उंदराने पाडलेले बारीक भोक. चार दिवस गावाला जायचे असेल तर रेग्युलेटर काढून टाकीला टोपी बसवावी.

वास आला तर

पुढचा मजकूर कापून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावावा, अशी विनंती आहे.

१. आधी हात थांबवा. काडी, लायटर, उदबत्ती काही नाही.
२. विजेचे कोणतेही बटण दाबू नका. चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद राहू द्या. बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडते. पंखा लावून गॅस बाहेर काढण्याचा विचार तर मुळीच नको.
३. जाळ असेल तर विझवा. शेगडीची बटणे आणि रेग्युलेटर बंद करा.
४. दारे-खिडक्या सताड उघडा. मुलाबाळांना बाहेर काढा.
५. विजेचा मुख्य खटका घराबाहेर असेल तरच तो बंद करा. फ्रीज आपोआप सुरू होतो आणि गेलेली वीज केव्हाही परत येते, त्यातही ठिणगी असते.
६. वास टाकीकडून येत असेल तर रेग्युलेटर काढून टोपी बसवा. तरी थांबत नसेल आणि जमत असेल, तर टाकी उघड्यावर न्या.
७. मोबाईल घरात लावू नका. बाहेर, दूर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवा. सर्व तेल कंपन्यांसाठी ही एकच मदतसेवा २०१६ पासून चोवीस तास चालू आहे. आग लागली तर १०१ किंवा ११२, जखमी असेल तर १०८.

नळीला किंवा टाकीच्या तोंडाला लहानसा जाळ लागला तर घाबरून पळू नये. ओले गोणपाट हातावर घेऊन रेग्युलेटर बंद करता आले तर करावे. गॅस बंद झाला की आग आपोआप विझते. जाळ मोठा असेल किंवा टाकीच जाळात सापडली असेल, तर मात्र सगळे सोडून बाहेर पडावे. भांडी, दागिने, कागदपत्रे यांसाठी परत फिरू नये. कढईतले तेल पेटले तर त्यावर पाणी ओतू नये, जळते तेल उडते. गॅस बंद करून वर मोठे झाकण ठेवावे.

भाजले तर

कपडे पेटले तर पळू नये. पळाले की वारा लागून जाळ वाढतो. जमिनीवर आडवे होऊन लोळावे. दुसऱ्याने घोंगडी, सतरंजी किंवा जाड सुती चादर टाकून जाळ दाबावा.

मग पाणी. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे. हे औषधापेक्षा मोठे औषध आहे. कातडी वरून विझली तरी आत शिजत असते, पाणी ते शिजणे थांबवते. भाजून तीन तास झाले नसतील तोपर्यंत त्याचा फायदा होतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या तालुक्यात वीस मिनिटे पाणी कोठून आणायचे, असे मला लोक विचारतात. मोठ्या परातीवर हात धरा, स्वच्छ तांब्याने हळूहळू धार सोडा, परातीत साठलेलेच पाणी पुन्हा घ्या. एका घागरीत काम होते. घरात पाणी भरायला सुरुवात कराल, तेव्हा एक घागर स्वयंपाकघराबाहेर झाकून ठेवण्याची सवय लावा. लहान मूल असेल तर भाजलेल्या भागावरच पाणी सोडा आणि बाकी अंग कोरड्या कापडाने झाकून ठेवा, नाहीतर ते गारठते.

बांगड्या, अंगठ्या, जोडवी लगेच काढा. तासाभरात सूज येते आणि मग त्या कापाव्या लागतात. चिकटलेला कपडा ओढू नका. फोड फोडू नका. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस, माती यांपैकी काहीही लावू नका. हे सगळे मला आधी खरवडून काढावे लागते आणि रोग्याला त्याचे दुखणे जास्त होते. स्वच्छ धुतलेले सुती कापड सैल गुंडाळा आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताचे इंजेक्शन विचारून घ्या.

रोग्याच्या स्वतःच्या तळहाताएवढी जागा म्हणजे शरीराचा सुमारे एक टक्का. तेवढ्याहून जास्त भाजले असेल, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रिय भाजले असेल, रोगी मूल, म्हातारा किंवा गर्भार बाई असेल, तर घरी थांबू नये. जखम पांढरी किंवा काळी पडली आणि दुखत नसेल, तर ती किरकोळ नाही. उलट ती खोल आहे, वेदना कळवणाऱ्या नसाच जळाल्या आहेत.

आणि आता त्या घोगऱ्या आवाजाविषयी. बंद खोलीत भडका उडतो तेव्हा माणूस दचकून श्वास आत घेतो आणि गरम हवा घशात जाते. नाकातले केस जळालेले, थुंकीत काजळी, आवाज बसलेला, अशी खूण दिसली तर घसा आतून भाजला आहे असे समजावे. असा रोगी सुरुवातीला चालतो, बोलतो, चहा मागतो. पुढच्या काही तासांत घसा सुजतो आणि श्वासनलिका बंद होऊ शकते. म्हणून त्या बाईला मी पाणी, सलाईन आणि प्राणवायू देऊन १०८ ने लगेच नगरला (आताचे अहिल्यानगर) पाठवले. आपल्याला बीड लांब आणि नगर जवळ. तरी ती तासाभराची वाट आहे. "बोलतीय तर हाय, उद्या नेऊ," असे घरचे म्हणाले असते, तर काय झाले असते, हे सांगायला नको.

उसाला जाणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या आगेमागे आपल्या भागातले हजारो कोयते कारखान्यांची वाट धरतात. आता ट्रॅक्टरमध्ये भांड्यांबरोबर लहान टाकीही असते. पाचट आणि ताडपत्रीच्या कोपीत जाळ म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. टाकी कोपीत ठेवू नये, स्वयंपाक कोपीबाहेर मोकळ्यावर करावा आणि रात्री रेग्युलेटर काढून, टोपी लावून टाकी कोपीपासून दूर ठेवावी. प्रवासात टाकी उभी बांधावी, रेग्युलेटर लावलेले नको.

लहान टाकी घ्यायची तर तेल कंपनीची, आयएसआय शिक्क्याची पाच किलोची घ्यावी. इंडियन ऑइलची 'छोटू' या नावाने मिळते. अशी टाकी ओळखपत्र दाखवून मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. बाजारात बिनशिक्क्याच्या हलक्या टाक्या मिळतात आणि मोठ्या टाकीतून त्यात गॅस भरून देणारेही भेटतात. हा बेकायदा उद्योग आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुण्याजवळ ताथवड्याला टँकरमधून चोरून टाक्या भरताना आग लागली आणि एकामागून एक टाक्या फुटल्या. तिथे शिकल्या-सवरल्या हातांनी ते जमले नाही, ते आपल्या दुकानाच्या मागच्या खोलीत जमेल असे समजू नये.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हाळ्याची. आईबाप उसाला जातात आणि घरी आजी-आजोबा व शाळकरी नातवंडे राहतात. स्वयंपाक आजी करते, नाहीतर दहा-बारा वर्षांची पोर. त्या दोघींना गॅस कोणी शिकवलेला नसतो. निघण्यापूर्वी एक संध्याकाळ त्यांच्यासाठी काढा. रेग्युलेटर कसे बंद करायचे, वास आल्यावर काय करायचे, हे त्यांच्या हातून करून घ्या. नळीचे वर्ष पाहा. एवढे केले की कोपीत झोप बरी लागेल.

कागद सांभाळा

अधिकृत ग्राहकाच्या घरी गॅसमुळे अपघात झाला तर तेल कंपन्यांचा विमा असतो, त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागत नाही. अपघात झाल्यावर वितरकाला लेखी कळवावे, पोलिसांत नोंद करावी, दवाखान्याची कागदपत्रे जपून ठेवावीत. जोडणीचे पुस्तक आणि टाकीच्या पावत्या एका पिशवीत, स्वयंपाकघराबाहेर ठेवाव्यात. दर पाच वर्षांनी वितरकाचा माणूस येऊन तपासणी करतो. तो आला की 'सगळे ठीक आहे' म्हणून दारातूनच सही देऊन त्याला परत पाठवू नका. त्याला आत न्या आणि नळी दाखवा.

ती बाई तीन आठवड्यांनी घरी आली. घसा वाचला. हातांवर डाग राहिले आहेत, भुवया परत आल्या. पुढे एकदा त्या वस्तीवर गेलो तेव्हा मुद्दाम त्यांच्या घरी डोकावलो. देवघर उंच फळीवर गेले होते, भिंतीला खाली जाळी बसली होती आणि नळी नवी केशरी होती. सासूबाईंनी न विचारता सांगितले, "रातच्याला म्याच बंद करते. मग अंग टाकते."

त्या दिवशी घरी परतल्यावर मी आमच्या ओट्याखाली वाकून नळीवरचे वर्ष पाहिले. मुदत संपून सात महिने झाले होते. लोकांना सांगणाऱ्या डॉक्टरच्या घरची ही गत! दुसऱ्या दिवशी नळी बदलली.

हा अंक हातातून खाली ठेवाल, तेव्हा तुम्हीही एकदा वाकून पाहा. काडी पेटवून नव्हे, दिवसाउजेडी.